शिफ्टर सिरीज पाचव्या पुस्तकात का अडकते, आणि रहस्यासाठी वाचणाऱ्याने काय करावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की तुम्ही मुळात रहस्यकथा वाचणारे, कुणीतरी सांगितलं म्हणून वेअरवुल्फवाली (प्राण्याचं रूप घेणारी माणसं ती शिफ्टर, त्यातली लांडगा होणारी ती वेअरवुल्फ) एक लांबलचक सिरीज हातात घेतली, पहिली चार पुस्तकं दहा दिवसांत उडवली आणि पाचव्यात अडकलात. तक्रारी तीन आहेत. तेच तेच परत येतंय, खुनाचा उलगडा शेवटी कुठल्यातरी जादूने होतो, आणि नायक अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, आहे म्हणून सगळ्यांवर हुकूम सोडत फिरतो आणि त्यालाच प्रेम म्हणायचं. मग विचारलंय की मधली पुस्तकं गाळून पुढे जाऊ का सरळ सोडून देऊ, आणि सोडली तर दुसरी कुठली धरू.

मी हा प्रकार सतरा-अठरा वर्षं वाचतेय, आमच्या वाचनगटात अशा सिरीज एकत्र वाचायचं कामही बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि अधूनमधून नवीन लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं छापायच्या आधी वाचून त्यातल्या तर्काच्या चुका काढून देते. त्यामुळे तुमच्या तिन्ही तक्रारी ओळखीच्या आहेत. सिरीजचं नाव तुम्ही दिलेलं नाही म्हणून काही गोष्टी 'असं असेल तर तसं' याच भाषेत सांगाव्या लागतील, पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न कुठली पुस्तकं गाळायची हा नाहीच. तुमचा वाचायचा वेग आणि त्या सिरीजची जात, या दोन्हींचा मेळ बसलेला नाही.

आधी वेगाचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त लोकांचं तिथेच फसतं. ही पुस्तकं बहुतेक वेळा वर्षाला एक अशी आलेली असतात. शार्लेन हॅरिसची सूकी स्टॅकहाउसची सिरीज घ्या, २००१ ला पहिलं पुस्तक आणि २०१३ ला तेरावं म्हणजे शेवटचं, दरवर्षी बरोबर एक. म्हणजे लेखिकेसमोर जी वाचक होती ती मागचं पुस्तक वर्षापूर्वी वाचून विसरलेली होती. तिला पहिल्या तीस पानांत परत सांगावं लागतं की ही वेट्रेस आहे, हिला माणसांच्या मनातलं ऐकू येतं, गावात व्हॅम्पायर उघडपणे राहतात, मागच्या वेळी अमुक झालं. वर्षाने वाचणाऱ्याला ते बरं वाटतं, जुनी मैत्रीण भेटल्यावर आपण घरच्यांची विचारपूस करतो ना तसं. तेच तुम्ही काल रात्री चौथं संपवून आज सकाळी पाचवं उघडलं तर तेवढ्याच परिच्छेदांनी डोकं उठतं. नायकाचे डोळे रागात पिवळे होतात हे पाचव्यांदा वाचताना लेखिका आळशी वाटायला लागते, आणि बऱ्याचदा ती आळशी नसते, आपण तिचं पाच वर्षांचं काम दहा दिवसांत गिळलेलं असतं.

मी स्वतः एकदा एक नऊ पुस्तकांची सिरीज एका महिन्यात वाचली होती. तिसऱ्यानंतरचं काही वेगवेगळं आठवतच नाही, कुठला खून कुठल्या पुस्तकात हे विचारलं तर सांगता येणार नाही. पुढे गटासाठी तीच सिरीज परत घेतली, दर पुस्तकामागे पाच-सहा आठवडे आणि मध्ये काहीतरी साधं, जादू नसलेलं वाचन, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की दुसऱ्या पुस्तकात सहज आलेलं एक पात्र सहाव्यात खुनाच्या मुळाशी होतं आणि त्याची पेरणी फार नीट केलेली होती. पहिल्या वेळी ते माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मला दिसलं नाही. तेव्हापासून मी गटात दोनपेक्षा जास्त पुस्तकं सलग वाचू देत नाही.

आता सिरीजची जात. वरवर सगळ्यांच्या कव्हरवर चंद्र आणि लांडगा असतो पण आत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात.

एक, जिथे नायिका (किंवा नायक) एकच, पुस्तकागणिक केस नवी आणि नातं हळूहळू पुढे सरकणारं. याला रूढ नाव अर्बन फँटसी किंवा पॅरानॉर्मल मिस्ट्री. इथे केस त्या पुस्तकात मिटते पण नातं, शत्रू, पॅकमधलं, म्हणजे कळपातलं, राजकारण मिटत नाही, ते पुढे वाहतं. इलोना अँड्र्यूज या जोडनावाने एक नवरा-बायको लिहितात, त्यांची केट डॅनियल्सची मुख्य सिरीज दहा पुस्तकांची, २००७ ते २०१८, आणि त्यात केट आणि सिंहाचं रूप घेणारा करन यांचं जुळायला चौथं पुस्तक उजाडतं. अशा सिरीजमध्ये मधलं पुस्तक गाळलंत की गेलात, कारण ज्या भांडणावर सहावं उभं आहे ते पाचव्यात झालेलं असतं.

दुसरी जात म्हणजे खरी शिफ्टर रोमान्स. दर पुस्तकात जोडी नवी, त्या जोडीचं त्याच पुस्तकात सुरळीत होणार ही हमी, आणि जुन्या जोड्या पाहुण्यांसारख्या येऊन जातात. नलिनी सिंग यांची साय-चेंजलिंग याचं चांगलं उदाहरण, पहिलं पुस्तक २००६ चं. जोड्या बदलतात पण पाठीमागे एक मोठी राजकीय गोष्ट चालूच असते (भावना दाबून टाकणारा एक समाज आणि त्याला पडत जाणाऱ्या भेगा), आणि ती पंधरा पुस्तकं चालून २०१६ ला एका टप्प्यावर येते, मग २०१७ पासून नव्या नावाने पुढचा भाग. इथे एखादी जोडी नाही आवडली तर ते पुस्तक भराभर चाळून पुढे गेलात तरी चालतं, फक्त राजकारणाची प्रकरणं वाचून घ्या. पण इथे 'खून कोणी केला' याची धार शोधायला गेलात तर हिरमोड होणार, कारण खून हे त्या दोघांना एका खोलीत आणायचं निमित्त असतं आणि वाचकालाही ते मान्य असतं. त्यात कमीपणा काही नाही, वाचकाशी झालेला करारच तसा आहे. 'हे दोघं एकत्र येतील का' असा प्रश्न तिथे नसतोच, प्रश्न 'कसे येतील, आणि यायला स्वतःतलं काय सोडावं लागेल' हा असतो, आणि तो नीट लिहिलेला असेल तर मी त्याच्यासाठीही रात्र जागवते.

तुमची सिरीज कुठली जात आहे हे ओळखायला एक साधी गोष्ट करा, पहिल्या चार पुस्तकांच्या मागच्या मजकुरात नायिकेचं नाव तेच आहे का बघा. तेच असेल तर पहिली जात, दरवेळी वेगळं असेल तर दुसरी. दुसरी निघाली तर तुमची अर्धी तक्रार तिथेच मिटली, तुम्ही रहस्य मागत होतात आणि पुस्तकाने ते द्यायचं कबूलच केलं नव्हतं.

पहिली जात असूनही उलगडा जादूने होत असेल तर मात्र तुमची तक्रार शंभर टक्के खरी, आणि यावर जरा सविस्तर लिहिते कारण हस्तलिखितं वाचताना माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

रोनाल्ड नॉक्स म्हणून इंग्लंडमध्ये एक धर्मगुरू होते, रहस्यकथाही लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला दुसराच नियम असा की कुठलीही अलौकिक शक्ती कथेत चालणार नाही. म्हणजे त्या हिशोबाने आपला हा सगळा प्रकारच बाद. पण नियमामागचं कारण बघा, वाचकाला ज्या गोष्टीचा अंदाज बांधता येत नाही तिच्या जोरावर कोडं सोडवायचं नाही. मग जादूचे नियम आधीच सांगून टाकले आणि नंतर ते पाळले तर कारण शाबूत राहतं, भूतं असोत की लांडगे. चांगली पॅरानॉर्मल मिस्ट्री हेच करते. म्हणून मी शक्तीपेक्षा त्या शक्तीची मर्यादा कुठल्या पानावर सांगितली हे बघते.

शिफ्टर मिस्ट्रीत ही परीक्षा घ्यायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे वास. विचार करा, नायिका लांडगी आहे, तिला तीन दिवसांपूर्वी खोलीत कोण आलं होतं हे वासावरून कळतं, मग खुनी सापडायला तीनशे पानं का लागावीत? प्रत्येक लेखकाला या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं आणि ते कधी आणि कसं देतो त्यावरून पुढचं पुस्तक कळतं. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या 'मून कॉल्ड' (२००६) ची नायिका मर्सी गाड्या दुरुस्त करते आणि कोल्ह्याच्या जातीच्या कायोटीचं रूप घेते. पुस्तक उघडतं तेच इथून, गॅरेजमध्ये काम मागायला आलेला पोरगा वेअरवुल्फ आहे हे तिच्या आधी लक्षात येत नाही, कारण ग्रीस आणि जळक्या तेलाच्या वासात तिचं नाक नीट चालत नाही. किती सहज सांगितलंय बघा. पहिल्या पानावर तिला नाकही मिळालं आणि नाकाची मर्यादाही, आणि ती मर्यादा तिच्या रोजच्या कामातून आली. सूकीचंही तसंच, तिला माणसांच्या मनातलं ऐकू येतं पण व्हॅम्पायरच्या बाबतीत शांतता, आणि रूप बदलणाऱ्यांची मनं तिला धूसर, गुंतलेली लागतात. म्हणजे संशयितांमध्ये कोण कोण आहे त्यावर तिची शक्ती किती कामाची ते ठरतं आणि हे वाचकाला आधीपासून ठाऊक असतं, मग तोही तिच्याबरोबर डोकं लावू शकतो.

याच्या उलट एक हस्तलिखित माझ्याकडे आलं होतं. नायिका कोल्हीण. चाळिसाव्या पानावर ती अंथरुणात पडल्या पडल्या दोन भिंतींपलीकडच्या फ्रिजमधलं दूध नासलंय हे ओळखते, छान प्रसंग होता, मला आवडला. साठाव्या पानावर शेजारच्या खोलीत माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलाय आणि ही पाहुण्यांशी गप्पा मारत बसलीय. मी समासात एवढंच लिहिलं, 'दूध कळलं, रक्त का नाही?' लिहिणारीने मग बदल केला, पाहुण्यांपैकी एकजण मुद्दाम उग्र अत्तर लावून आला होता असं केलं, आणि गंमत म्हणजे तोच बदल पुढे तिचा सगळ्यात चांगला क्लू ठरला, कारण कोल्हिणीच्या घरी अत्तर लावून कोण जाईल याचा विचार वाचक करायला लागतो. एका पानाच्या दुरुस्तीने ती गोष्ट रहस्यकथा झाली.

तेव्हा तुमच्या सिरीजचं पहिलं पुस्तक परत काढा, सगळं वाचू नका, नायिकेला कशाकशाचा वास येतो आणि कधी येत नाही एवढंच पेन्सिलने टिपा. उलगड्यात वापरलेली गोष्ट आधी कुठेतरी सापडली तर वेगात तुमच्या नजरेतून सुटली होती. नाही सापडली, खुनी पकडायच्या पानावरच नायिकेला नवीन शक्ती फुटली असेल, तर लेखकाने फसवलं. एका पुस्तकात असं झालं तर मी माफ करते, सलग दोन पुस्तकांत झालं की त्या लेखकाकडून रहस्याची अपेक्षा सोडते आणि मग फक्त पात्रांसाठी वाचायचं का ते वेगळं ठरवते.

आता अल्फा. तुम्ही विचारलंय की हे खटकणं म्हणजे तुमचंच चुकतंय का. अजिबात नाही, आणि याला एक इतिहास आहे. कळपात एक अल्फा असतो आणि तो लढून वरचढ होतो ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून आली, आणि तो अभ्यास पिंजऱ्यातल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या, एकत्र कोंबलेल्या लांडग्यांवरचा होता. डेव्हिड मेच या अमेरिकन अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकाने ती घराघरात पोचवली. मग याच मेच यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्स्मियर बेटावर अनेक उन्हाळे मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. त्यात गादीसाठी मारामारी वगैरे फारसं काही नसतं, आईबाप पुढे चालतात कारण ते आईबाप आहेत. म्हणजे कादंबरीतला हुकूम सोडणारा अल्फा हा खऱ्या लांडग्याचा स्वभाव नाही, लेखकाने केलेली निवड आहे, आणि निवड म्हटली की ती चांगली की वाईट हे आपण विचारू शकतो. 'तो लांडगा आहे, त्याचा नाइलाज आहे' हे पात्र म्हणू शकतं, पुस्तकाने म्हणू नये.

मी दोन गोष्टी बघते. पहिली, नायिकेने नाही म्हटलं तर काय होतं? फेटेड मेट, म्हणजे नशिबानेच बांधलेली जोडी, हा या प्रकारातला सगळ्यात लाडका धागा आणि मलाही तो आवडतो, पण नाही म्हणायची वाट उघडी ठेवून लेखकाने गोष्ट पुढे नेली तरच त्या होकाराला किंमत येते. दुसरी, अल्फाच्या हुकमाची किंमत कोण मोजतं? नायकाने तिला 'घरी थांब' सांगितलं, ती थांबली, आणि त्यामुळे कुणाचा तरी जीव गेला आणि पुढच्या शंभर पानांत त्याला त्याचं ओझं वाहावं लागलं, तर तिथे लेखकाला विषय कळलाय. आणि ती थांबली, सगळं ठीक झालं, वर तिनेच माफी मागितली, असं असेल तर पुस्तक मिटायला कचरू नका. मी स्वतः अशी कितीतरी अर्ध्यात सोडलीत.

मग आता कुठून सुरू करायचं. रहस्य पहिलं आणि प्रेम दुसरं हवं असेल तर सूकीची सिरीज, पूर्ण झालेली आहे, दर पुस्तकात एखादा खून किंवा गुन्हा आहे आणि भाषा हलकी. त्यावरची टीव्ही मालिका बघितली असेल तरी पुस्तकं वेगळी वाटतील, दोन्हींच्या वाटा लवकर फुटतात. प्रेम आणि रहस्य समसमान हवं असेल तर मर्सी. याच जगात ब्रिग्ज यांचीच दुसरी सिरीज आहे, अल्फा अँड ओमेगा, आणि तिथे एक फसगत होते ती आधीच सांगते. पहिली कादंबरी 'क्राय वुल्फ' २००८ ची, पण त्या जोडीची पहिली भेट २००७ मध्ये एका संग्रहात आलेल्या नॉव्हेलात, म्हणजे लघुकादंबरीत, आहे. ती न वाचता कादंबरी उघडली तर दोघं आधीच एकमेकांसाठी जीव टाकतायत आणि आपल्याला का ते कळत नाही. गटात तिघीजणींनी मला 'ह्यात प्रकरणं गायब आहेत का' असं विचारलं होतं. यादीत पुस्तकापुढे शून्य पूर्णांक पाच असा आकडा दिसला तर तो हा प्रकार असतो. असे बरेचसे आकडे सोडले तरी चालतात, पण जोडीची पहिली भेट त्यात असेल तर नाही.

आणि मुख्यतः वेअरवुल्फच हवे असतील तर केली आर्मस्ट्राँग यांची विमेन ऑफ द अदरवर्ल्ड. तेरा पुस्तकं, २००१ ते २०१२, पण गोष्ट सांगणारं पात्र बदलत जातं. वेअरवुल्फ एलेनाची पुस्तकं पहिलं, दुसरं, सहावं आणि दहावं. एवढी चार वाचून थांबलं तरी तिची गोष्ट कळते. गाळून वाचायचं म्हणता ना, ते असं करावं, पात्राचा धागा धरून. पाचवं कंटाळवाणं वाटलं म्हणून सहाव्यात उडी मारली असं नको.

क्रमाबद्दल एवढंच, पुस्तकं ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने वाचा. कथेतल्या तारखांप्रमाणे लावलेल्या याद्या फिरत असतात, त्या दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांसाठी ठीक आहेत. पहिल्यांदा वाचताना लेखकाने कुठली माहिती कधी द्यायची ठरवली होती तेच रहस्य असतं.

राहता राहिलं तुमचं ते अडकलेलं पाचवं. खूण घालून ठेवून द्या, महिना-दीड महिना हात लावू नका, मध्ये तुमच्या नेहमीच्या दोन साध्या रहस्यकथा वाचा. मग जिथे सोडलं होतं तिथून न उघडता पहिल्या पानापासून उघडा. मागचं सांगणारे ते परिच्छेद वाचताना 'अरे हो, हे असं झालं होतं नाही का' असं मनात आलं तर पुढे जा, तुमचं आणि त्या पुस्तकाचं जमेल. आणि तेव्हाही हात आपोआप पानं उलटायला लागला तर तिथेच थांबा, मर्सीचं गॅरेज उघडा. आणि तुमच्या सिरीजचं नाव कळवा, वाचलेली असेल तर कुठलं पुस्तक धरून ठेवण्यासारखं आहे ते नेमकं सांगते.